आत्याबाईंचा चमचा

दत्तक घेतलेल्या बाळालाही अंगावर पाजता येतं, हे मला सगळ्यात आधी सांगितलं आत्याबाईंनी. नवऱ्याची आत्या, जन्मभर नर्स. 1989 मध्ये डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली, तेव्हा आत्याबाई तिथेच होत्या. अनेक बायांचं दूध एकत्र करायचं, 62.5 अंशांवर अर्धा तास तापवायचं आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पाजायचं. 'कुणाचं दूध' हा प्रश्न त्यांच्या लेखी तेव्हाच निकालात निघाला होता.

"दूध काय गर्भाशयातून येतं होय? हुकूम मेंदूचा असतो. बाळ ओढेल तसं प्रोलॅक्टिन वाढतं."

सासूबाईंनी हळिवाचे लाडू केले, कुणी शतावरी कल्प आणून दिला. आत्याबाई म्हणाल्या, "खा, चांगलं लागतं म्हणून खा. दूध ओढण्यानंच येईल." लेक घरी यायच्या आधीपासून त्यांनी मला पंपाला बसवलं, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा.

ती आली चार महिन्यांची होऊन. जन्मदात्रीला फेरविचारासाठी कायद्यानं 60 दिवस मिळतात, ते मिळायलाच हवेत, त्यापुढे कागदपत्रं. मात्र प्रसूती रजेच्या कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनं दिलेली 12 आठवड्यांची रजा तेव्हा मूल तीन महिन्यांच्या आतलं असेल तरच मिळायची! हे गणित मांडणाऱ्यानं दत्तकाची फाइल कधी उघडून पाहिली नसावी. मी बिनपगारी रजा टाकली.

बाटलीला सरावलेली पोर अंगाला तोंड लावेना. मग आत्याबाई रोज संध्याकाळी लोकलनं येऊ लागल्या. वाटीत पावडरचं दूध, हातात चमचा. मी तिला छातीशी धरायचे, त्या वरून थेंब थेंब सोडायच्या. ते ओघळत तोंडात गेलं की पोर ओढायची आणि ओढता ओढता माझा पान्हा जागा करायची. या कामाला आईचे दोन हात पुरत नाहीत. आत्याबाईंचे गुडघे दुखायचे. "बसा ना हो," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "थांब, लागलीय ती."

माझं दूध तिला कधीच पुरलं नाही. वरचं शेवटपर्यंत द्यावं लागलं. मी पंपाच्या बाटलीवरच्या रेघा बघत बसले की त्या डाफरायच्या, "रेघा कसल्या बघतेस? पोरीचं वजन बघ."

एकदा वाटी विसळताना त्या म्हणाल्या, "जन्म दिला तिलाही पान्हा फुटला असेल गं. छाती बांधून आटवला असेल बिचारीनं."

दिवाळीला आत्याबाईंना इरकल घेतली, ती त्यांनी कुरकुरत नेसली. त्या दुसरीला काय द्यावं? तिचं नाव कायद्यानं मला कळायचं नाही. लेकीच्या वाढदिवसाला आम्हा थोरांच्या पाया पडून झालं की आत्याबाई तिला आणखी एक नमस्कार करायला लावतात. कुणाला, हे तिनं अजून विचारलेलं नाही. विचारील तेव्हा सगळं सांगायचं, असं आमचं ठरलंय.