परराज्य

नीटचा निकाल लागला की औशातील मुले आम्हां मराठीच्या अध्यापकांकडेही पसंतीक्रमाची यादी घेऊन येतात. परराज्यातील राज्यशासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत त्यांना १५ टक्के अखिल भारतीय जागांतूनच प्रवेश मिळू शकतो. यादीत गतवर्षीचा कटऑफ, शुल्क, बंधपत्र असे रकाने असतात. आम्ही एक रकाना वाढवतो : तिथला रुग्ण कोणत्या भाषेत कण्हतो? कळ, ठणका, चमक, कुरकूर या निरनिराळ्या तक्रारी; दुभाष्याच्या तोंडी त्यांचे नुसते ‘दुखते’ होते.

अशा वेळी बीदरचे नाव हटकून निघते. १९५६ पर्यंत औसा आणि बीदर एकाच हैदराबाद राज्यात होते. आता ते परराज्य. उलट, २०२० मध्ये रद्द झालेल्या ७०:३० सूत्रात ७० टक्के जागा त्या त्या विभागासाठी असत, त्यामुळे आपल्याच राज्यातील मुंबई मराठवाड्याच्या मुलांना दुरावलेली होती. परकेपणाच्या रेषा अशा सरकत राहतात. बीदरच्या रुग्णालयात मात्र कन्नडसोबत मराठी आणि दखनीही कानी पडते.

म्हणून आमचा सल्ला साधा असतो : कन्नड शिकायची तयारी असेल तर बीदर वर घ्या, नसेल तर गुण पुरत असूनही खाली ठेवा.