निमालिंगच्या अलीकडे

मुलं मोठी झाली की त्यांच्याबरोबर प्रवास होतो तो कुणाच्या तरी लग्नाला, नाहीतर शनिवार-रविवार जोडून एखाद्या रिसॉर्टवर. लडाखमधल्या मार्खा खोऱ्यात चालत जायची कल्पना मुलाची. तो सत्तावीसचा, हाफ मॅरेथॉन पळणारा. लेक त्याच्याहून तीन वर्षांनी मोठी, बेंगळुरूला ऑडिटच्या कामात. मी छप्पन्न. ह्यांना सिंहगडसुद्धा गाडीनंच चढायला आवडतो, त्यामुळे ते पुण्याला घर सांभाळायला राहिले.

लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. विमानातून उतरल्यावर आधी दोन दिवस लोळायचं, पाणी प्यायचं आणि शांतिस्तूपाच्या पायऱ्यांकडे बघायचंसुद्धा नाही, असं लेकीनं जाहीर केलं. तिच्या वहीत प्रत्येक मुक्कामाची उंची लिहिलेली होती. तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वर न्यायची नाही, हा नियम पहिल्याच पानावर, लाल शाईत. रोज संध्याकाळी ती आमच्या बोटांना ऑक्सिमीटर लावायची आणि आकडे वहीत उतरवायची. मुलगा हसायचा. तिचं म्हणणं, आकड्यापेक्षा माणूस जेवतोय का, ते बघायचं असतं.

चिलिंगला झंस्कार नदी ओलांडली की खोरं सुरू होतं. आम्ही गेलो तेव्हा गाडीरस्ता आत सरकायला लागला होता, त्यामुळे सुरुवातीची चाल धुळीतून झाली. मग स्कियू, सारा, मार्खा. दोन्ही बाजूंना जांभळट, तांबूस, कुठे शेवाळी रंगाचे उघडे डोंगर आणि तळाला नदीकाठी तेवढी सातूची शेतं, पॉपलरची रांग. सह्याद्रीत वाऱ्याला घामाचा वास असतो. इथे घाम अंगावर टिकतच नाही, ओठ मात्र फुटतात. मंत्र कोरलेल्या दगडांची मणी-भिंत आली की ती उजव्या हाताला ठेवून जायचं, हे आम्ही लवकर शिकलो.

मुक्काम गावातल्या घरांत. पाहुणे कुणाकडे उतरणार ते गावाच्या पाळीनं ठरतं, त्यामुळे घर निवडायचा प्रश्नच नव्हता. स्वयंपाकघर हीच घरातली मोठी खोली. फळ्यांवर ओळीनं मांडलेली तांब्या-पितळेची भांडी, मधे चूल, भिंतीला टेकून बसायला गालिचे. माझं अर्धं लक्ष त्या भांड्यांवरच असायचं. शौचालय कोरडं, माडीवर. काम झालं की फावड्यानं माती ढकलायची. पुढे त्याचं शेतासाठी खत होतं.

चालताना मुलं पुढे, मी मागे. समोरासमोर बसल्यावर जे निघत नाही ते पाठमोऱ्या माणसांच्या तोंडून सहज निघतं. मुलानं नोकरी बदलल्याचं मला हांकरच्या वाटेवर कळलं, तेही तो बहिणीशी बोलत असताना. विचारलं तर म्हणाला, “अगं, तुला उगाच टेन्शन कशाला?” आमच्या घराची ही जुनी रीत. माझ्या सासूबाईंनी मोतीबिंदू वर्षभर लपवला होता. “काही नाही, बरं आहे” हे आमच्याकडे उत्तर नसतं, दार लावून घेणं असतं.

हांकरच्या पुढे गाव नाही. बरेच जण हांकरहून एका दमात निमालिंगला पोहोचतात, म्हणजे आठशे मीटर वर. मुलालाही तेच करायचं होतं. वाटेतल्या थाचुंगत्सेच्या तळावर दुपारी थांबलो तेव्हा तो मॅगीची वाटी हातात घेऊन नुसता बसला. ज्या मुलानं मॅगी कधी टाकली नाही, त्यानं ती परत ठेवली.

“डोकं दुखतंय?” लेकीनं विचारलं.

“काही नाही. झोप नीट झाली नाही.”

ती पुढे काहीच बोलली नाही. जमिनीवर काठीनं रेघ ओढली आणि त्याला तिच्यावरून टाचेला बोटं लावत चालायला सांगितलं. मेंदूला सूज यायला लागली तर तोल आधी जातो, म्हणून ही परीक्षा. तो चिडला, पण चालला. तोल गेला नाही. मग खडकामागे जाऊन उलटी करून आला आणि म्हणाला, “ताई, सकाळपासून दुखतंय.”

आमचा लडाखी गाइड तोवर शांतपणे बघत होता. त्यानं खेचरांवरचं सामान उतरवायलाच घेतलं. डोकं दुखत असताना वर जायचं नाही, आणि थांबूनही उतार पडला नाही तर खाली जायचं. यात त्याला चर्चेसारखं काही दिसत नव्हतं. मला मात्र काहीच होत नव्हतं, याची लाजच वाटायला लागली. उंची वय बघत नाही, व्यायामही बघत नाही. उलट दमदार पोरं भराभर चढतात आणि तीच आडवी होतात, असं गाइड म्हणाला. मुलाला ते औषधापेक्षा जास्त लागलं असावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं स्वतःहून भात मागितला. त्याच्या पुढच्या सकाळी निघालो.

निमालिंग म्हणजे कांगयात्से शिखराच्या पायथ्याचं विस्तीर्ण कुरण. उन्हाळ्यात खालच्या गावांतली माणसं याक, मेंढ्या, बकऱ्या घेऊन इथे येतात, लोणी नि चीज करतात. बिळाबाहेर उभे राहून मार्मोट शिट्ट्या मारतात. पाणी इथे पंच्याऐंशी अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजणं कठीण. गाइडचा शिट्ट्या मारणारा कुकर बघून मला घरी आल्यासारखं झालं.

कोंगमारू ला ही खिंड साधारण बावन्नशे मीटरवर. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. शेवटच्या वळणांवर आम्ही वीस पावलं चालायचो आणि थांबायचो. आता मुलगा न विचारता सांगायचा: डोकं नाही, पाय जड, मळमळ नाही. वर पताकांपाशी गाइड “की की सो सो ल्हारग्यालो” ओरडला. मुलांनी साथ दिली, माझा आवाज फुटेना.

उतार अवघड आहे, अरुंद घळीतून ओढा पुन्हापुन्हा ओलांडत. तो संपला आणि शांग सुमदोपासून गाडी मिळाली. बाहेरचं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, म्हणून लेकीच्या पोस्टपेडवर सगळी भिस्त. कारूजवळ रेंज आली. तिनं बाबांना फोन लावला आणि स्पीकरवर सगळं सांगितलं, मॅगीपासून उलटीपर्यंत. पलीकडे जरा वेळ गेला. मग हे म्हणाले, “बरं झालं सांगितलंत. मलाही मध्ये तीन दिवस ताप होता. डेंग्यूची तपासणी केली, निघाला नाही. तुम्हाला तिकडे कशाला काळजी, म्हणून…”

“बाबा,” लेक म्हणाली, “आज जेवलात का?”