शिखरावरचे श्रवण

गिरिस्थानी सहकुटुंब जाणारा मनुष्य डोळ्यांचा उत्सव करण्यासाठीच तेथे जातो, आणि सह्याद्रीने तो उत्सव इतक्या मुक्तहस्ते मांडलेला असतो की कानांच्या वाट्यालाही तेथे काही स्वतंत्र वैभव असेल, ही कल्पना सहसा कोणाच्या मनाला शिवत नाही. परंतु ज्याच्या प्रवासी सामानात कपड्यांच्या घड्यांखाली एक लहानसा रेडिओ-संच, बारा व्होल्टची बॅटरी, तारेचे भेंडोळे आणि एकात एक सरकणारी फायबरची काठी असते, त्या हौशी रेडिओवाल्याला, आमच्या बोलीत हॅमला, डोंगर ऐकू येतो. आणि डोळ्यांना दिसणाऱ्या डोंगराहून हा ऐकू येणारा डोंगर कित्येकदा अधिक विस्तीर्ण असतो, असे माझे मत दिवाळीच्या सुटीतील महाबळेश्वरच्या मुक्कामात पक्के झाले.

महाबळेश्वरचे सर्वोच्च स्थान म्हणजे विल्सन पॉइंट. पूर्वी या टेकडीला सिंदोळा म्हणत. पुढे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांचे नाव तिला मिळाले. समुद्रसपाटीपासून सुमारे १,४४० मीटर उंचीच्या त्या माथ्यावर सूर्योदयाला यात्रा भरते, पण ऊन चढले की ती पांगते, आणि मग सतरंजी, फराळाचे डबे व माझे सामान घेऊन आमचे बिऱ्हाड तेथे निवांत बसू शकते. आमचे उतरण्याचे घर खोलगट जागी होते, आणि तेथे दोन मीटरच्या पट्ट्यावर माझा पाच वॉटचा हातसंच जवळजवळ मुका असे. तोच संच माथ्यावर नेताच बोलू लागे. या लहरी प्रकाशासारख्या बव्हंशी सरळ रेषेत जातात, आणि म्हणून शक्तीपेक्षा उंचीचे मोल त्यांच्या ठायी अधिक. उंचीच्या मीटरांचे वर्गमूळ काढून त्याला ४.१२ ने गुणावे, म्हणजे सपाट मुलखावर लहरींची हद्द किलोमीटरांत मिळते. सिंदोळ्यावरून ती १५६ च्या आसपास भरते, आणि डोळ्यांची हद्द मात्र १३५ पाशीच संपते, कारण वर वर विरळ होत जाणाऱ्या हवेतून जाताना लहर पृथ्वीच्या गोलाईकडे किंचित झुकते. ज्या क्षितिजापाशी माणसाची दृष्टी थांबते, त्याच्या पलीकडल्या वीस किलोमीटरांत त्याचा शब्द पोहोचतो, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

पण सह्याद्री हा सपाट मुलूख नव्हे, आणि खरी मौज तेथेच आहे. महाबळेश्वरहून पुणे कावळ्याच्या वाटेने सुमारे ७० किलोमीटर. मधे सिंहगड आणि कात्रजची रांग आडवी. त्या रांगेच्या धारेशी लहर पोहोचली की तिचा थोडासा अंश विवर्तन पावून पलीकडच्या उतारावर वळतो, आणि त्या अंशावरच पुण्यातल्या एखाद्या गच्चीवरून कोणी उत्तर देतो. आवाज येतो तो जरा खरखरीत, कडा झिजलेला, आणि मी दोन पावले इकडे तिकडे सरकलो की कमीअधिक होणारा. ती खरखर म्हणजेच कात्रजचा डोंगर. नकाशावरच्या समोच्च रेषा मी पुष्कळ वाचल्या आहेत, परंतु एखाद्या माणसाच्या बोलण्यात डोंगराची उंची मिसळून आलेली ऐकणे हे भूगोलाचे निराळेच शिक्षण आहे. याच परिसरात, १६५९ साली, प्रतापगडावरून झालेल्या तोफेच्या आवाजाने जावळीच्या रानात दबा धरून बसलेल्या मावळ्यांना इशारत मिळाली, असे बखरकार सांगतात. डोंगराने नाद कसा वाहून न्यावा आणि कोठे अडवावा, याचे ज्ञान त्या पिढीला जिवावरच्या प्रसंगी ठेवावे लागे. माझे ज्ञान सुटीतले आहे, पण विषय तोच.

चाळीस मीटरच्या पट्ट्याची रीत वेगळी. तेथे सुमारे २० मीटर लांबीची तार मध्यभागी काठीवर उचलून दोन्ही बाजूंनी खाली ताणायची. लहर वर जाते, आणि दोन-तीनशे किलोमीटर उंचीवरचे आयनांबर तिला खाली परतवते. ज्या आयनांबराचा अभ्यास कलकत्त्यात शिशिरकुमार मित्र यांनी आयुष्यभर केला आणि १९४७ साली आपल्या ग्रंथात ग्रथित केला, त्याच्यापुढे दीड किलोमीटरच्या टेकडीची उंची ती काय? तरीही शिखर येथेही उपकारकच ठरते, ते आपल्या निःशब्दतेने. शहरात प्रत्येक चार्जर, प्रत्येक एलईडी दिवा, प्रत्येक लिफ्ट त्या पट्ट्यावर आपापला नॉइज ओतत असते, आणि दूरचा क्षीण सिग्नल त्यात बुडून जातो. माथ्यावर संच सुरू केला की पहिल्यांदा जाणवते ती पार्श्वभूमीची स्वच्छता, आणि तिच्यावर मग अक्षरे उमटू लागतात.

अशाच एका दुपारी 'सीक्यू, सीक्यू' या माझ्या हाकेला कोल्हापूरहून एक गृहस्थ आले. आई सतरंजीवर लवंगा-वेलदोड्यांची पुरचुंडी सोडीत बसली होती. तिचे माहेर त्या बाजूचे.

"कोल्हापूरचे का रे ते? विचार त्यांना, पाऊस कसा झाला म्हणावं."

मी विचारले. पंचगंगा यंदा काठ सोडून फार वर आली नाही, ऊस उभा आहे, असे त्यांनी सांगितले, आणि "आजींना नमस्कार सांगा" असेही. आईने संचाकडे पाहून हात जोडले. हौशी परवान्यावर व्यापाराचा मजकूर बोलता येत नाही, मोबदला घेता येत नाही. त्यामुळे बोलण्याला उरते ते नाव, गाव, हवा, अँटेना आणि क्षेमकुशल. या मनाईमुळेच आमचे बोलणे शुद्ध राहिले आहे, असे मला वाटते. त्यातही सिग्नलचा अहवाल मला सर्वांत प्रिय: पहिला आकडा बोलणे किती कळते त्याचा, पाचपैकी, दुसरा बळाचा, नऊपैकी. स्पर्धांच्या घाईत सर्रास 'पाच-नऊ' देण्याची प्रथा पडली आहे, तिचे मला दुःख होते. कोणी उन्हात उभा राहून पाच वॉटवर हाक मारतो, तेव्हा त्याला आपण खरोखर कसे ऐकले हे सांगणे हे त्याचे देणे आहे. 'तीन-चार' असेल तर 'तीन-चार'च सांगावे.

ब्रिटनमध्ये २००२ साली सुरू झालेल्या 'समिट्स ऑन द एअर' या उपक्रमात शिखरांना गुण असतात. अखेरची चढण मोटारीवाचून करावी, इंजिनावरची वीज वापरू नये आणि चार संपर्क तरी साधावेत, तेव्हा ते मिळतात. नियम सुंदर आहेत, गुणांची मला तेवढी ओढ नाही. सिंदोळ्यावर माझ्या नोंदवहीचे काम मुलीकडे असते. वेळ, कॉलसाइन, दिलेला अहवाल, मिळालेला अहवाल, असा तपशील ती एकेका रकान्यात भरते, आणि नॉइजमध्ये अर्धवट बुडालेली अक्षरे तिचे कोवळे कान माझ्या आधी टिपतात. आपल्याकडे या परवान्याला वयाची बारा वर्षे पूर्ण लागतात. तिला अद्याप अवकाश आहे. कोल्हापूरच्या गृहस्थांनी 'सेव्हन्टी-थ्री' म्हणून निरोप घेतला, तो आकडा तारायंत्राच्या काळापासून शुभेच्छांचा आहे हे तिला ठाऊक होते, आणि तिने तो रकान्याबाहेर, समासात, स्वतःच्या हौसेने लिहून ठेवला. मग तिने विचारले, "बाबा, परीक्षेचं पुस्तक आत्तापासून वाचलं तर चालेल ना?"