डबा घेऊ नकोस

"डबा कशाला? कराडला चाललोय आपण," असं मी म्हणालो आणि बायकोनं भरायला काढलेला डबा परत फडताळात गेला. पुढच्या दोन दिवसांतल्या चुकांची सुरुवात तिथून.

बायकोला चार वर्षांपूर्वी सीलिअॅकचं निदान झालं. गहू किंवा जव पोटात गेला की त्यातल्या ग्लूटेनमुळं शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. लेक वर्षभरापासून वीगन; दूध, दही, तूप, मध सगळं बंद. एका घरात दोन सोवळी. योगायोग असा की दोन्हींच्या इतिहासात 1944 साल आहे. त्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि मंडळींनी 'वीगन' हा शब्द घडवला. त्याच हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि आजारी पोरं पावाविना सुधारतात हे पाहून डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञाची गव्हावरच्या संशयाबद्दल खात्री पटली. ही माहिती मला तोंडपाठ आहे. माहिती असून माणूस कसा वागतो, ते पुढं.

माझं बालपण कराडच्या शनिवार पेठेत गेलं. त्यामुळं माझं गणित सोपं होतं: ज्वारीच्या मुलखात गव्हाचं भय कसलं, आणि झुणक्यात दूध येणार कुठून? तीस वर्षं पुण्यात काढलेल्या माणसाच्या डोक्यातलं गाव होतं ते. शनिवारी दुपारी हायवेलगतच्या ढाब्यावर बसलो तेव्हा आजूबाजूच्या प्रत्येक टेबलावर तंदूर रोटी होती. भाकरी रात्री मिळेल, असं पोऱ्या म्हणाला.

मी अख्खा मसूर आणि भात मागवला. अख्खा मसूर ही आमच्या कराड-इस्लामपूर पट्ट्याची मिरवायची गोष्ट. तालुक्यात मसूर नावाचं गाव आहे, त्यावरूनच हे नाव पडलं, असंही मी लेकीला ठोकून दिलं. याला आधार काही नाही. भूक लागल्यावर मी असा इतिहास रचतो. तिच्यासाठी मी पोऱ्याला विचारलं, "तूप नाही ना यात?"

"तूप अजिबात न्हाई, साहेब."

खरंच नव्हतं. बटर होतं. चांगला सुपारीएवढा गोळा, मधोमध वितळत आलेला. मी तुपाचं विचारलं, त्यानं तुपाचं सांगितलं. वर मीच त्याच्यावर आवाज चढवला, तेव्हा लेक खाली मान घालून म्हणाली, "बाबा, प्रश्न चुकला तुमचा." बायकोनं फोडणीतल्या हिंगाची डबी बघायला मागितली. बारीक अक्षरांत डिंकाच्या शेजारी गव्हाचं पीठ. दोघींनी कोरडा भात आणि कांदा-लिंबू खाल्लं. मी मसूर संपवला, आणि तो उत्तम होता, हेही कबूल करतो.

संध्याकाळी प्रीतिसंगमावर गेलो. कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वराहून निघून वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि इथं समोरासमोर भेटतात. यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी टेकलो. घाटावरची भेळ बघून मला राहवेना. "पुरी काढून टाक की," असं मी बायकोला सुचवलं. ती माझ्याकडं नुसती बघत राहिली. ज्या पातेल्यात दिवसभर मैद्याच्या पुऱ्या चुरल्या, त्याच पातेल्यात तिची भेळ कालवली जाणार होती. तिनं भाजक्या शेंगा घेतल्या.

रात्री एका खाणावळीत ज्वारीची भाकरी मिळाली. चूल दर्शनीच होती. मावशी भाकरी थापत होत्या आणि शेजारी एक पोरगी चपात्या लाटत होती. मी हात धुवायला उठलो तेव्हा दिसलं: गोळा परातीला चिकटायला लागला तसा मावशींचा हात शेजारच्या ताटलीत गेला. चपातीच्या पिठीची ताटली. कणकेची चिमूट परातीत भुरभुरली, तिच्यावर भाकरी गरगर फिरली आणि तव्यावर पडली. वरनं पाण्याचा हात, मग उलटून फुगवणं. अशी फुगली की आईची आठवण यावी. तीच भाकरी बायकोच्या ताटात आली.

मी बोललो नाही. मावशी घामेजल्या होत्या, माणसं ताटकळत होती, आणि दिवसभर 'आमचं कराड, आमचं कराड' करून मी दोनदा तोंडावर आपटलो होतो. चिमटीनं काय होतंय, असं स्वतःला समजावलं. नंतर घरी हिशेब मांडला. ग्लूटेनमुक्त म्हणून विकायच्या पदार्थात किलोला 20 मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन चालतं. म्हणजे सव्वाशे ग्रॅमच्या भाकरीत अडीच. अर्धा ग्रॅम कणकेत ते पन्नासच्या आसपास निघतं. वीसपट.

रात्री दोनपासून बायको लॉजच्या न्हाणीघरात येरझाऱ्या घालत होती. मी मीठ-साखरेचं पाणी करून देत होतो आणि "हिंगच असणार भाजीत," असं म्हणत होतो.

रविवारी ती खोलीवरच झोपून राहिली. मी एकटा त्याच खाणावळीत गेलो आणि मावशींना सगळं सांगितलं. त्या कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आवं, मग आदी सांगायचं की! गव्हाचा हात लागूच दिला नसता." त्यांनी परात घासली, तवा घासला, ज्वारीच्या पिठाचा नवा डबा उघडला, चपात्यावाल्या पोरीला बाहेरच्या कट्ट्यावर धाडलं. झुणका तेलातला, हिंगाशिवाय, वर खर्डा. एवढं सगळं व्हायला वीस मिनिटं लागली. आदल्या रात्री मी मागितली असती, तर हीच वीस मिनिटं तेव्हाही मिळाली असती.

पुण्याला परतताना खंबाटकी ओलांडेपर्यंत मी गप्प होतो. मग चिमटीचं सांगून टाकलं. बायको खिडकीबाहेर बघत होती.

"मलाही दिसलं होतं," ती म्हणाली. "वाटलं, तू बोलशील."