चांदची तारीख आणि चार वर्षांची पावले

रायगडचा किनारा लहान मुलांना घेऊन पाहायचा असेल तर घड्याळाआधी चांद बघावा लागतो. इथला समुद्र दिवसातून दोनदा भरतो आणि दोनदा ओसरतो, आणि ही वेळ रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. कोळी बांधवांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची, येईल तितक्या वाजता भरती. आपल्या घरात चांदची तारीख ठाऊक असतेच. ती तिथीपेक्षा एखाद-दोन दिवस मागे असते, म्हणून तीत एक मिळवून हिशेब केला तरी अंदाज येतो. चांदची 4 तारीख असेल तर एक मिळवून पाच, पाचाची पाऊणपट पावणेचार. दुपारी पावणेचारला भरती, म्हणजे त्याआधी सहा तास, सकाळी पावणेदहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. पंधरा तारखेनंतर पुन्हा एकपासून मोजायचे.

हा हिशेब आम्ही यंदाच्या थंडीत रोज केला, कारण दिवस मोजकेच होते. आमच्यातला एक जण कुवेतला नोकरीला असतो आणि वर्षातून एकदा चाळीस दिवसांची रजा मिळते. आमच्या किनाऱ्यावर अशी घरे पुष्कळ आहेत, त्यामुळे पुढचे सांगायला संकोच वाटत नाही. आमची लेक साडेचार वर्षांची आहे. तिच्या लेखी तिचे अब्बा फोनमध्ये राहत होते. ते दारात उभे राहिले तेव्हा तिने सलाम केला आणि दादीच्या मागे जाऊन उभी राहिली. आठवडा झाला तरी ती त्यांच्या हातून घास घेईना, त्यांचे बोट धरीना. दादी म्हणाल्या, “तिला ओढू नका. बाहेर घेऊन जा, बरोबर चाला.”

म्हणून आम्ही पहिल्यांदा अलिबागला गेलो. तिथला कुलाबा किल्ला भर समुद्रात आहे, पण ओहोटीला वाळूवरून चालत जाता येते. अंतर एक-दीड किलोमीटरचे, मोठ्यांना वीस-पंचवीस मिनिटांचे. आम्हाला तासभर लागला. वाटेत खेकड्यांची बिळे होती, शिंपले होते, ओल्या वाळूवर आपोआप उमटलेली नक्षी होती. प्रत्येक ठिकाणी बसून बघायचे, असा तिचा नियम. अब्बांनी उचलून घेऊ का विचारले तर ती “नाही, मी चालते” म्हणाली. ती चालली, पूर्ण वाट, स्वतःच्या पायांनी. आजवर तिची सर्वांत लांब चाल बाजारापर्यंतची होती.

हा किल्ला शिवाजी महाराजांच्या काळात बांधायला घेतला गेला आणि पुढे आंग्र्यांच्या आरमाराचे ठाणे झाला. तटाचे अवजड दगड चुन्याशिवाय नुसते एकमेकांवर रचले आहेत. त्यामुळे लाटेचे पाणी फटींतून आत शिरून जोर गमावते. आत सिद्धिविनायकाचे मंदिर आहे, दर्गाह आहे आणि गोड्या पाण्याची सोयही आहे. उत्तरेकडच्या तटावर चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन तोफा आहेत, इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या कारखान्यात ओतलेल्या. लेकीला त्यांची चाके आवडली. तिथून ती हलायला तयार नव्हती.

पण समुद्र कोणासाठी थांबत नाही. अकरा वाजायला आले होते आणि किल्ल्याचा अर्धा भाग पाहायचा राहिला होता. आम्ही परत फिरायचे ठरवले. ती रडली. तरी फिरलो, कारण लहान पावलांचा तासभर हातात ठेवायलाच हवा. परतताना मधल्या सखल पट्ट्यात पाणी आले होते. आमच्या घोट्यापर्यंत, तिच्या गुडघ्यापर्यंत. ती थांबली, पाण्याकडे बघितले, मग आमच्याकडे. अम्मीचा हात रिकामा होता, तरीही तिने दोन्ही हात अब्बांकडे वर केले. आम्ही दोघेही काही बोललो नाही. पुढची वाट ती त्यांच्या खांद्यावर बसून आली आणि खेकड्यांना वरून सलाम करत राहिली.

दुसरी सहल जंजिऱ्याची. मुरूडजवळच्या राजपुरीहून शिडाच्या होडीने जावे लागते. पावसाळ्यात मात्र होड्या बंद असतात. जंजिरा हे नाव अरबी ‘जझीरा’वरून आले, अर्थ बेट. आफ्रिकेतून आलेल्या हबशी लोकांनी, म्हणजे सिद्दींनी, या बेटावर राज्य उभे केले आणि 1948 मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत ते त्यांच्याकडेच राहिले. राजपुरीजवळ खोकरीला त्यांच्या दगडी कबरी आहेत. लहान मुले बरोबर असली तरी दहा मिनिटे तिथे थांबावे. किल्ल्याचा दरवाजा असा वळणात आहे की अगदी जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. होडी भिंतीकडेच चालली आहे असे वाटून लेक अब्बांना घट्ट बिलगली. पायऱ्यांशी होडी हलत होती. तिथे मुलांना एका हातातून दुसऱ्या हातात देतात. घाई करू नये, नावाड्याचे ऐकावे.

कलालबांगडी तोफ तिने पाहिली आणि सोडून दिली. तिला नवल वाटले ते तलावाचे. चोहोबाजूंनी खारा समुद्र आणि मध्ये दगडांनी बांधलेला गोड्या पाण्याचा तलाव, तोही एक नाही, दोन. “गोड म्हणजे साखरेसारखे?” तिने विचारले. अब्बांनी समजावले की गोड म्हणजे खारट नसलेले, पिण्याजोगे. असे पाणी होते म्हणून वेढा पडला तरी किल्ल्यातली माणसे तग धरू शकत. तिला वेढा कळला नाही, पण पाणी कळले. त्या दिवसापासून विहीर, नळ, डबके, सगळ्यांची विचारणा सुरू झाली: “खारे की गोड?”

लहान मुलांबरोबर फिरणाऱ्या आई-वडिलांना थोडे सांगावेसे वाटते. दिवसाला एकच ठिकाण ठेवा. भरती-ओहोटीची वेळ आपल्या हिशेबाने काढली तरी निघण्याआधी तिथल्या माणसाला विचारून खात्री करा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाणी फार आत जाते आणि तितक्याच वेगाने परत येते. पाणी, टोपी आणि घरचे खाणे बरोबर घ्या. आमच्याकडे दादींनी दिलेली सांदणे होती. आणि काही पाहायचे राहिले तर राहू द्या. मुलांना किल्ला नाही, वाट आठवते.

रजा संपली, कुवेतचे विमान गेले. लेक जूनमध्ये बालवाडीत जाईल, इन्शाअल्लाह. पूर्वी व्हिडिओ कॉलवर ती सलाम करून पळायची. परवा तिने स्वतः फोन मागितला आणि विचारले, “अब्बा, तुमच्याकडचे पाणी खारे की गोड?” अब्बा म्हणाले, “इथे समुद्राचे खारे पाणीच यंत्राने गोड करतात, तेच आम्ही पितो.” तिला ते पटले नाही. ती म्हणाली, “पुढच्या वेळी बाटलीत घेऊन या. मी बघते.”