झावळ्यांची राख

गुडघ्याच्या दुखण्यानं शनिवार पेठेतच अडकले आहे. मन मात्र क्वार्टर गेटला जातं. तिथल्या सिटी चर्चला सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ साली, सैन्यातल्या ख्रिस्ती शिपायांसाठी जागा दिली. शनिवारवाड्याच्या धन्याचा तो शब्द अजून टिकलाय, याचं मला फार अप्रूप.

चर्चवरून आठवलं, शाळेत शिकवायचे तेव्हा राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, काही मुली कपाळावर राखेचा क्रूस घेऊन वर्गात यायच्या. शेजारच्या बाकावर कुंकवाची टिकली. ही राख गेल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी (पाम संडेला) मिरवलेल्या झावळ्यांची, हे मला एका विद्यार्थिनीनंच सांगितलं. हिरवं मिरवलेलं जपून ठेवायचं, मग जाळून कपाळी लावायचं. केवढं धीराचं हे! ईस्टरपर्यंत ती मुलगी चॉकलेट सोडायची, आमच्या चातुर्मासातल्या नेमासारखं. वाचलेले पैसे गरिबांसाठीच्या डब्यात. आता ती काय सोडत असेल?