पागडी न चालणारे गाव

स्वीडनच्या दक्षिणेस, स्मोलांड प्रांतात, एल्महुल्ट नावाचे छोटे गाव आहे. इंग्वार कांप्राद यांनी १९४३ मध्ये स्थापन केलेल्या इकियाचे पहिले दुकान १९५८ मध्ये याच गावी उघडले. कंपनीची महत्त्वाची कार्यालये आजही तेथेच असल्याने परदेशी नोकरदारांची ये-जा मोठी, आणि घरे मात्र मोजकी.

सोलापूरकडील एका कापड व्यापाऱ्याचा मुलगा तेथे नोकरीस लागला. प्रारंभी एका वृद्ध बाईंच्या घरात पोटभाडेकरू म्हणून त्यास एक खोली मिळाली. स्वयंपाकघर सामाईक, शीतकपाटात त्याच्या दुधाशेजारी मासळी. पत्नी येण्यापूर्वी स्वतंत्र घर हवे होते. वडिलांनी दूरध्वनीवर व्यापारी तोडगा सुचविला: “वर्षाचे भाडे आगाऊ देतो म्हणावे, वर पागडी देऊ.” मुलगा म्हणाला, “अप्पा, इथे पागडी देणाऱ्यालाही शिक्षा होते.”

ते खरेच आहे. भाडेकराराचा हक्क पैसे घेऊन देणे तेथे गुन्हा आहेच. २०१९ पासून तो विकत घेणाराही गुन्हेगार ठरतो. भाडे बहुधा घरमालक व भाडेकरू संघटना यांच्या वाटाघाटींतून ठरते, म्हणून चढी बोली लावण्यात अर्थ नसतो. नगरपालिकेच्या मालकीच्या गृहकंपन्या भाड्याची घरे बांधतात. अनेक ठिकाणी त्यांच्या रांगेत नाव नोंदविले की दिवसागणिक एक गुण जमा होतो. मुदत ठेवीसारखेच हे, फक्त भांडवल पैशाचे नसून काळाचे. ज्याच्या गाठी दिवस अधिक, त्याला घर आधी. ज्या घराण्यांत रोखीने अडचण सुटते असा तीन पिढ्यांचा अनुभव, त्यांना हे पचणे सोपे नाही.

घाईच्या माणसास फसवणारेही असतात. सुंदर छायाचित्रे, कमी भाडे, ‘मालक परदेशी आहे, अनामत पाठवा, किल्ली टपालाने येईल’. या मुलाने घर डोळ्यांनी पाहिल्याविना एक क्रोनाही दिला नाही. पेढीवरचे संस्कार येथे उपयोगी पडले.

सात महिन्यांनी दोन खोल्यांचे घर मिळाले. पलंग-कपाट काही नाही, परंतु शेगडी व शीतकपाट घराचेच. भाड्यात पाणी आणि घर उबदार ठेवण्याचा खर्च धरलेला, विजेचे देयक वेगळे. कपडे धुण्याची यंत्रे इमारतीत सामाईक, वेळ आधी राखून ठेवावी लागते. सोडताना तीन महिन्यांची पूर्वसूचना. कंपनीने उत्पन्नाचा दाखला मागितला, आधीच्या घरमालकाकडे चौकशी केली. काय खाता, कोणत्या समाजाचे, हे कोणी विचारले नाही. आपल्याकडे खोली देताना आडनाव आणि स्वयंपाकघर आधी विचारले जाते, आणि विचारणाऱ्यांत आपला समाज मागे नाही.

पत्नी डिसेंबरात पोहोचली. साडेतीनच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून रात्रिभोजनत्याग पाळण्यासाठी तो तीन वाजता कार्यालयातच डबा उघडतो. जूनमध्ये सूर्यास्त पावणेदहानंतर. शीतकपाट आता सर्वस्वी त्यांचे. स्थिरस्थावर झाल्यावर त्याने पत्नीचेही नाव जवळच्या वेक्शो शहरातील रांगेत घातले. घर सध्या नको आहे. दिवस साठत आहेत.